वर्षालीने टेस्ट हिरवी केली नाही

वर्षालीला 'तुला जमणार नाही' असं म्हणू नये, हे तिच्या घरच्यांना ती सात वर्षांची असतानाच कळलं होतं. कंपनीला कळायला नऊ वर्षं लागली.

ती चांदूर बाजारच्या माळ्याची पोर. वडील वामनराव दोन एकरात वांगी, कोबी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणार आणि आई मनकर्णाबाई बाजारात बसून विकणार. तराजू धरणं पोरींचं काम नाही, असं एकदा काका सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी ही बया शाळा बुडवून तराजू धरून बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. मनकर्णाबाईने घरी नेऊन आधी दोन धपाटे घातले, मग तेल लावून हात चोळून दिले.

पुढे अमरावतीला बी.ए. झालं, मराठी घेऊन. बाविसाव्या वर्षी तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत रिसेप्शनवर नोकरी लागली. फोन घ्यायचा, आल्यागेल्याला पाणी द्यायचं. एके दिवशी एक टेस्टर आजारी पडला म्हणून मालकांनी हिला आत बसवलं आणि सांगितलं, हे ॲप वापरून पाहा, कुठे अडकतं ते लिही. दुपारच्या डब्यापर्यंत हिने सात चुका काढल्या. त्यातल्या दोन अशा होत्या की ज्याने ॲप लिहिलं तो डबा न खाताच घरी गेला. तेव्हापासून वर्षाली टेस्टर. नऊ वर्षं तिने तेच केलं. बटण दाब, फॉर्म भर, चूक काढ, दुरुस्त होऊन आलं की पहिल्यापासून पुन्हा तेच. कंटाळा येत नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "माय रोज सांभार निवडते, तिले इचारलं का कोणी?"

मग यंदाच्या जूनमध्ये मालकांनी मीटिंग घेतली. मालक म्हणजे शेखर सर. माणूस वाईट नाही, पण दोघांचं भांडण झालं की ज्याचा पगार जास्त त्याची बाजू घेणारा. त्यांच्या शेजारी योगेश बसला होता, टेस्टिंगचा नवा प्रमुख. जन्म अमरावतीचा, शिक्षण अमरावतीचं, पण सहा वर्षं पुण्यात काढून परतलेला. आता 'मले-तुले' करणाऱ्यांकडे असा बघायचा जणू ते चप्पल घालून देवघरात आलेत.

योगेशने सांगितलं की हाताने तपासायचे दिवस संपले. यापुढे ऑटोमेशन. म्हणजे जी बटणं वर्षाली दिवसभर बोटांनी दाबायची, ती आता लिहून ठेवलेला प्रोग्रॅम दाबणार. सगळं ठीक निघालं तर टेस्टपुढे हिरवी खूण, नाही निघालं तर लाल. हाताने तपासणारे तिघे होते. दोघांनी त्याच आठवड्यात दुसरीकडे बघायला सुरुवात केली.

"मी शिकीन न," वर्षाली म्हणाली.

"त्याला प्रोग्रॅम लिहावा लागतो," योगेश म्हणाला. "तू बी.ए. मराठी आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुला ते जमणार नाही."

"वाईट कायले वाटन?" वर्षाली म्हणाली. तिचे कान तापले होते.

शेखर सरांनी मधला मार्ग काढला. "दिवाळीपर्यंत शिकली तं शिकली. नाही तं रिसेप्शनची जागा रिकामीच आहे. तुही नोकरी कुठं जात नाही."

रिसेप्शनचं काम हलकं, असं वर्षालीला कधीच वाटलं नव्हतं. पण परत तिथे जाऊन बसायचं म्हणजे मधली नऊ वर्षं चुकून झाली होती असं कबूल करायचं. त्यापेक्षा चांदूर बाजारला जाऊन भाजी विकलेली बरी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

साईनगरच्या भाड्याच्या खोलीत ती पहाटे पाचला उठून बसू लागली. शिकवायला कुणी नव्हतं, फोनवरचे व्हिडिओ होते. हिंदीतले समजायचे, इंग्रजीतले तीन-तीनदा बघावे लागायचे. एका शंभर पानी वहीत तिने प्रोग्रॅमची एकेक ओळ उतरवली आणि प्रत्येकीखाली तिचा अर्थ मराठीत लिहिला. 'हे बटण शोध.' 'सापडेपर्यंत थांब.' 'दाब.' बाराव्या दिवशी ब्राउझर आपोआप उघडला, चौकटीत आपोआप नाव टाइप झालं आणि बटण दाबलं गेलं. ती इतकी जोरात ओरडली की घरमालकीण पाल पडली का म्हणून विचारायला वर आली.

ऑगस्टअखेर तिच्या चाळीस टेस्ट झाल्या, चाळीसच्या चाळीस हिरव्या. तिने पडद्याचा फोटो काढून टेस्टर लोकांच्या एका ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. एकीने मात्र अंगठा दिला नाही. तिने लिहिलं, "चाळीसही हिरव्या? मले संशय येऊन राहिला. रविवारी अकोल्याले ये, पाहू."

ही पौर्णिमा. चौदा वर्षं पुण्याच्या मोठ्या कंपनीत टेस्टिंग केलेली बाई. आई चतुराबाई अंथरुणाला खिळली तेव्हा ती अकोल्याला परत आली आणि घरूनच काम करू लागली. रविवारी सकाळी तिथल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत येईल त्याला शिकवायची, फुकट. तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यास करत असत, म्हणून हळू बोलायचा नियम होता. पौर्णिमाला हळू बोलता येत नव्हतं. पोरांनी तिला टोकणं कधीच सोडून दिलं होतं.

वर्षाली बडनेऱ्याहून गाडी पकडून गेली. पौर्णिमाने सरावासाठी स्वतः बनवलेलं एक पान होतं, नाव लिहून जतन करायचं. वर्षालीने त्यावर टेस्ट लिहिली. हिरवी. मग पौर्णिमाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, त्या पानातला जतन करणारा भागच काढून टाकला आणि म्हणाली, "आता चालव."

हिरवी.

"नाव जतन झालं?"

"नाही," वर्षाली म्हणाली.

"मंग ही हिरवी कशी?"

वर्षालीने टेस्ट वर-खाली पाहिली. तिच्या टेस्टमध्ये नाव टाक, बटण दाब, एवढंच होतं. दाबल्यावर खरंच काही झालं का, हे ती बघतच नव्हती. चाळीसही टेस्टमध्ये हेच.

"ही टेस्ट नाही वं, हजेरी आहे," पौर्णिमा म्हणाली. सगळ्या अभ्यासिकेने ऐकलं. "आला, बसला, गेला. घरी जा. एकेक टेस्ट काढ. पहिले ती लाल होते का ते पाह्य. जी लाल होऊच शकत नाही, तिच्या हिरव्याले काय चाटायचं आहे?"

परतीच्या गाडीत वर्षाली बडनेऱ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, ते अपमानाचं होतं आणि स्वतःवरच्या रागाचंही होतं. नऊ वर्षं हाताने तपासताना जे डोळे एक अक्षर सुटू देत नव्हते, ते डोळे प्रोग्रॅम लिहिताना आपण खोलीत ठेवून गेलो, हे तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने चाळीसही टेस्ट पुसून टाकल्या आणि पहिलीपासून सुरुवात केली. पुढच्या रविवारी ती पुन्हा अकोल्याला हजर. दसऱ्यापर्यंत एकही रविवार चुकला नाही.

दसऱ्यानंतर योगेशने परीक्षा घेतली. तेल्हाऱ्याला डॉ. रागिणी यांचा दवाखाना होता, आसपास त्यांचेच आणखी दोन. तिन्ही ठिकाणच्या पेशंटची माहिती वहीतून ॲपमध्ये आणायची होती. ॲप तयार होतं, योगेशच्या टेस्ट तयार होत्या, सगळ्या हिरव्या. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी सुरुवात, त्याआधीच्या शुक्रवारी डॉक्टर अमरावतीला येऊन शेवटचं पाहून जाणार. पेशंटच्या नोंदणीची एक टेस्ट लिहायचं काम योगेशने वर्षालीला दिलं. आठवडाभराची मुदत.

ॲपमध्ये पेशंट ओळखला जायचा मोबाइल नंबरावरून. योगेशच्या टेस्टमध्ये प्रत्येक पेशंटला नवाकोरा बनावट नंबर मिळायचा. वर्षालीने बनावट पेशंट घ्यायचे म्हणून आईबाप घेतले. मनकर्णाबाईचं नाव घातलं, घरचा नंबर घातला, अमुक गोळीने अंगावर पित्त उठतं असं लिहिलं. मग वामनरावांचं नाव घातलं आणि नंबर तोच. घरात फोन एकच, तो वामनरावांच्या बंडीच्या खिशात असतो, दुसरा नंबर घालायचा कुठून? मग टेस्टने मनकर्णाबाईची फाइल उघडायला घेतली. फाइल नाही. मनकर्णाबाई गायब, आणि तिचं पित्त वामनरावांच्या नावावर.

टेस्ट लाल. वर्षालीने तीनदा चालवली, तीनदा लाल. तिला इतका आनंद झाला की लगेच योगेशला बोलावून आणलं.

"टेस्ट चुकलीय तुझी," योगेश म्हणाला. "दोघांना एकच नंबर कसा देतेस? प्रत्येक पेशंटला स्वतःचा नंबर आहे, दवाखान्याने लिहून दिलंय. नंबर बदल, हिरवी होईल."

"माह्या घरी दोघात एकच आहे."

"तुझं घर म्हणजे देश नव्हे, वर्षाली."

"देश नाही, पण चांदूर बाजार तं आहे. अन् तेल्हाऱ्याचे लोक काय अमेरिकेतून आले का?"

"तू जास्त शहाणपणा करून राहिली!" योगेश ओरडला, आणि सहा वर्षांचं पुणं एका वाक्यात गेलं हे लक्षात येऊन आणखीच चिडला. "शुक्रवारपर्यंत मला ही टेस्ट हिरवी हवी."

रात्र गेली तशी वर्षालीची हवा उतरली. खरंच आपलंच चुकलं असेल तर? दवाखान्याने लिहून दिलंय म्हणजे खरं असेल. रविवारी तिने पौर्णिमाला सगळं सांगितलं आणि विचारलं, "ताई, मी बरोबर आहे की योगेश सर?"

"मले काय माहीत? मी तेल्हाऱ्याची आहे का?" पौर्णिमा म्हणाली. "जो रोज नावं लिहिते, त्याले जाऊन पाह्य."

त्या रात्री ती पौर्णिमाकडेच राहिली आणि सोमवारची रजा टाकून सकाळच्या एसटीने तेल्हाऱ्याला गेली. दवाखान्याच्या खिडकीत जयवंताबाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, पुढ्यात जाडजूड वही. वर्षालीने कंपनीचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी तिला शेजारी स्टूल दिलं. दुपारपर्यंत ती नुसती बघत बसली. एक म्हातारी आली. नाव, गाव, वय.

"मोबाइल?"

"नाही बाई माह्याजवळ."

जयवंताबाईंनी मान हलवली आणि रकान्यात न बघता दहा आकडे लिहिले. तासाभराने एका मजुराच्या बायकोपुढे तेच दहा आकडे. मग एका पोरापुढे.

"हा कोणाचा नंबर आहे, मावशी?"

"माहाच," जयवंताबाई म्हणाल्या. "मॅडम सांगून राहिल्या, रकाना रिकामा ठेवायचा नाही. मंग ज्याच्याजवळ फोन नाही, त्याले मी माहा देतो. रिपोर्ट आला का मले फोन येते, मी त्याइच्या गावच्या एसटीवाल्याजवळ निरोप धाडतो. आजपावतर एकाचाही रिपोर्ट चुकला नाही."

वर्षालीने त्यांच्या परवानगीने वहीतली नावं मोजली. जयवंताबाईंच्या नंबरावर त्रेसष्ट माणसं होती. त्या दवाखान्याचं कामकाज ज्या एका बाईच्या चांगुलपणावर चाललं होतं, तिच्याच पायी पुढच्या सोमवारी त्रेसष्ट माणसांची एक फाइल होणार होती. वर्षालीला आधी हसू आलं, मग तिने वही मिटून जयवंताबाईंपुढे ठेवली.

"मावशी, हे सांगावं लागीन मले. पण तुमच्यावर बोल येऊ देणार नाही."

मंगळवारी तिने शेखर सरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं झालं कळलं. दुसऱ्या व्हर्जनमध्ये घेऊ. शुक्रवारी डॉक्टर मॅडम येऊन राहिल्या, त्याइच्यासमोर लाल काही दिसाले नको. तू नंबर बदल, टेस्ट हिरवी कर, अन् योगेशच्या टीममध्ये बस. शिकली तू, मी मानलं."

एवढं साधं होतं. चार आकडे बदलायचे आणि जून महिन्यापासून जे हवं होतं ते हातात. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला.

"नाही करणार," ती म्हणाली.

"इचार कर."

"केला, सर. ती लाल आहे कारण की ॲप चुकलं आहे. मी हिरवी करीन तं मी पण चुकीन."

"मंग रिसेप्शनवर बस उद्यापासून," शेखर सर म्हणाले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं, पण योगेश दारात उभा होता.

बुधवारी ती रिसेप्शनवर जाऊन बसली. लॅपटॉप परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आतले लोक येता-जाता नजर चुकवत होते. तिने फोन घेतले, पाणी दिलं आणि मधल्या वेळात त्रेसष्ट बनावट नावं रचली. जयवंताबाईंच्या वहीतलं एकही खरं नाव घेतलं नाही. नंबर मात्र सगळ्यांना एकच.

शुक्रवारी अकराला डॉ. रागिणी आल्या. आत प्रोजेक्टर लागेना. योगेशने दारातून डोकं काढून वीस मिनिटं मागितली आणि डॉक्टर रिसेप्शनच्या खुर्चीवर बसल्या. वर्षालीने पाणी दिलं. आता बोललं तर ही खुर्चीही जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण न बोलता उद्या त्या म्हाताऱ्या बाईची फाइल हरवली, तर आपण कुठल्याच खुर्चीत बसायच्या लायकीचे नाही, हेही दिसत होतं.

"मॅडम, एक इचारू? तुमच्या जयवंताबाईंच्या मोबाइल नंबरावर किती पेशंट आहेत?"

"जयवंताच्या? एक. ती स्वतःच."

"त्रेसष्ट."

डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. वर्षालीने सगळं सांगितलं, आणि सगळ्यात आधी हे सांगितलं, "त्याइले बोलू नका. रकाना रिकामा ठेवायचा नाही, असं तुमीच सांगितलं होतं."

वर्षालीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि टेस्ट सुरू केली. पडद्यावर नावं आपोआप पडू लागली. गोदाबाई, सत्तरीच्या, साखर वाढलेली. पिंकी, चोवीस वर्षं, सातवा महिना. एकामागून एक त्रेसष्ट. शेवटचं नाव देवमन, वय बहात्तर. मग टेस्टने फायली मोजल्या. एक. वर्षालीने ती उघडून दाखवली. देवमन, वय बहात्तर, साखर वाढलेली, सातवा महिना.

डॉक्टरांना खळखळून हसू आलं. मग त्या अचानक थांबल्या.

"आणि त्या पिंकीची फाइल?"

"नाही सापडत, मॅडम. ती दवाखान्यात कधी आलीच नाही, असं दिसते."

डॉ. रागिणी उठून आत गेल्या. दार लागलं. आतून आधी योगेशचा आवाज येत होता, मग तो यायचा थांबला. पाच मिनिटांनी शेखर सर बाहेर आले. चेहरा उतरलेला होता.

"उठ. आत चाल."

वर्षाली उठली नाही. "कोण म्हणून येऊ?"

"म्हणजे?"

"रिसेप्शनवाली म्हणून आली तं पाणी आणीन, सर. तपासलेलं सांगायले कोण म्हणून येऊ?"

शेखर सरांनी आत एकदा, तिच्याकडे एकदा पाहिलं. "ऑटोमेशन टेस्टर म्हणून ये, माय. झालं?"

"इथं नाही. आत सांगा."

आत त्यांनी ते पुटपुटल्यासारखं सांगितलं. डॉ. रागिणी म्हणाल्या, ऐकू आलं नाही. मग शेखर सरांनी पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, योगेशकडे न बघता.

"हं, वर्षाली," ते पुढे म्हणाले, "आता मॅडमले सांग, सोमवारपर्यंत काय-काय दुरुस्त करता येईल."

वर्षालीने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"सोमवारी हे सुरू होणार नाही," ती म्हणाली. "एका नंबरावरचे दोन जण येगळे राह्यत नाहीत, तोवर ही टेस्ट लालच राहीन. अन् लाल आहे तोवर 'तपासलं' म्हणून मी सही करणार नाही."

शेखर सरांनी घाईने डॉक्टरांकडे पाहिलं. त्या डायरीतल्या सोमवारावर काट मारत होत्या.